जुन्या ढालीची पाचर

ढाल करणाऱ्यानंच ढालीमागं उभं राहायचं, हा जुन्या धाटणीच्या ढाली-भाले करणाऱ्या त्या कारखान्याचा रिवाज. समोरून दाजी, म्हणजे सुताराच्या ताईचा नवरा आणि कारखान्याचा लोहार, बोथट भाला मारणार. सुताराचा हात शाबूत राहिला की ढाल पास. आजवर अकरा पास झाल्या होत्या.

बारावी संग्रहालयाची. नमुना म्हणून जुनी ढाल आली होती: सात फळ्या, मधे लोखंडी वाटी, वाटीशेजारी आरपार भोक. सुतारानं त्यावरून बोट फिरवलं. आतली कड साफ, बाहेरच्या बाजूला कुसळं उठलेली.

"साहेब, भाला समोरून नाही आला. लाकूड निघत्या बाजूला फुटतं. हा मागून आलाय, ढाल धरलेल्या माणसाच्या आरपार."

"तुम्ही फळ्या जोडा," संग्रहालयाचे साहेब चष्मा पुसत म्हणाले. "इतिहास आम्ही बघतो."

जन्मात रंधा हाती न धरलेली माणसं लाकडाला खोटं पाडतात! सुतारानं फळ्या जोडल्या.

नव्या ढालीची मूठ तेवढी डुगडुगत होती. तिला मुरलेल्या लाकडाची पाचर हवी होती. जुनी ढाल गुंडाळून आलेल्या कापडात एक ढलपी गळून पडली होती, त्या भोकातलीच. असलं लाकूड वाया कशाला घालवायचं? त्यानं ती तासली आणि ठोकली. मूठ घट्ट बसली.

तेव्हापासून मूठ धरली की डाव्या खांद्याखाली, पाठीवर, बटणाएवढी जागा गार पडायची. सोडली की ठीक.

चाचणीला भर दुपारी तो अंगणात भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"पाल आहेस का भिंतीला चिकटायला?" दाजी ओरडले. "मागं सरकायला जागा ठेव. हात मोडलास तर तुझी ताई मला जेवायला घालायची नाही."

"दाजी, आज ढाल खांबाला बांधून मारू या."

"का? स्वतःच्या कामाचा भरवसा नाही?"

हे झोंबलं. तो तीन पावलं पुढं आला.

दाजींनी भाला उचलला. मग हळूच खाली टेकवला.

"त्याला बाजूला व्हायला सांग," ते म्हणाले.

"कुणाला?"

दाजी त्याच्या खांद्यावरून मागं बघत होते. मागं फक्त भिंत होती.

त्यानं मूठ सोडायला बघितलं. बोटं उघडेनात.

गार जागा आत सरकली.

टक्.

ढाल गळून पडली. वाटीशेजारी भोक. कुसळं बाहेर.

दाजींचा भाला अजून जमिनीलाच टेकलेला होता.

सुताराला कुठं दुखत नव्हतं. रक्ताचा थेंब नाही. संध्याकाळी ताईनं त्याचा शर्ट शिवायला घेतला. दोन भोकं पडली होती, एक पाठीवर, एक छातीवर. छातीवरच्या भोकाचे धागे बाहेर आले होते.

"बनियन काढ," ताई म्हणाली. "बघू दे मला."

तो भिंतीला पाठ लावून बसला होता. काढेना.