लव्हाळ्यातून आलेलं उत्तर

त्या सहलीतून कुणाला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवतो.

माझ्या थोरल्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, दातांचे डॉक्टर. लोकांची तोंडं उघडण्यात आयुष्य गेलं, स्वतःचं मात्र मोजकंच उघडणार. उतारवयात त्यांना पक्ष्यांचे आवाज टिपायचा नाद लागला. त्यांच्या पक्षिमित्र मंडळाची दरवर्षी सभा भरते आणि सभेची सुरुवात कुणीतरी टिपलेल्या आवाजाने होते. तो मान कायम एका निवृत्त मास्तरांकडे. काका पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन न जेवता झोपायचे.

मास्तरांना मागे टाकायचं तर एकच उपाय होता. घुम्या.

बगळ्याच्या कुळातला, वाळल्या गवताच्या रंगाचा, महा लाजरा पक्षी. तळ्याकाठच्या लव्हाळ्यात लपून बसतो. दिसत नाही, नुसता घुमतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की निघतो तसा आवाज. मंडळातल्यांनी त्याला ठेवलेलं नाव घुम्या.

“एक घुम्या घरात आहे, दुसरा कशाला शोधताय?” मावशी म्हणायची.

मावशीला त्या दिवसातून हवं होतं ते वेगळंच. बापलेकीत दोन शब्द.

त्यांची एकुलती लेक, घरात सगळे तिला ठकी म्हणतात. तिने काकांच्या दवाखान्यात बसायचं ठरलेलं होतं. ती दातांचं शिक्षण अर्धवट सोडून एका तळ्याकाठच्या कॉलेजच्या गावी झाडांचा अभ्यास करायला गेली आणि तिथल्याच बागेत नोकरीला लागली. तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलणं बंद. आणि घुम्या घुमतो अशी खबर आली ती नेमकी त्याच गावच्या तळ्यावरून, म्हणून सहल तिथेच ठरली.

सहलीच्या आदल्या दिवशी ठकीचा फोन आला.

“आई, उद्या मी बाबांशी स्वतः बोलणार. शेवटचं. ते ऐकायला थांबले नाहीत, तर यापुढे माझ्याकडूनही बंद.”

पुढचं सगळं मावशीने मला सांगितलेलं आहे. तिला साधा विनोद रंगवता येत नाही, शेवट आधी सांगून मोकळी होते. म्हणूनच मी विश्वास ठेवला.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर उन्हाळा, कॉलेजला सुट्टी, डोळे दिपवणारी दुपार.

सकाळी बसस्टॉपवर ठकी घ्यायला आली होती. हातात सँडविचचा डबा, डोक्यावर टोपी.

“अगं, तिला विचार, पाण्याच्या बाटल्या आणल्यात का,” काका मावशीला म्हणाले. ठकी हातभर अंतरावर.

“आई, त्यांना सांग, आणल्यात. गारही आहेत.”

“दोघांनी मला पगार सुरू करा,” मावशी म्हणाली. कुणी हसलं नाही.

बागा मात्र सुरेख होत्या. कॉलेजच्या इमारतींमधून उतरत उतरत थेट तळ्यापर्यंत गेलेल्या. गुलाबांचे ताटवे, कारंजी, दगडी बाक. पाण्यावर बदकांचे थवे, खांबावर ध्यान लावून बसलेला खंड्या, वर पाकोळ्यांचा नुसता कालवा. काचघरात ठकीने मावशीला तिने वाढवलेलं झाड दाखवलं. कुणालाच फुलवता न आलेलं. त्याला पहिली कळी धरली होती. ठकी दाराकडे बघत होती.

काका दाराबाहेरच उभे होते. गळ्यात हेडफोन, हातात लांब दांड्याचा माइक.

“मला हेच दाखवायचं होतं त्यांना,” ठकी हळूच म्हणाली.

ती बाहेर निघाली. तोंड उघडलं...

आणि तेवढ्यात तळ्याच्या अंगाने आवाज आला.

घुम्... म्...

काका पळत सुटले. गुडघ्याच्या दुखण्याने जिने टाळणारा माणूस उतारावरून पळत होता. मागे ठकी, तिच्या मागे मावशी.

तळ्याच्या टोकाला लव्हाळ्यांचं दाट रान होतं. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं. काका काठाशी थांबले, माइक रोखला. आतून पुन्हा घुमलं. आणि मागून ठकीने हाक मारली. सगळा जीव गोळा करून मारलेली हाक.

“बाबा, थांबा ना!”

काकांनी मागे न बघता हात वर केला. म्हणजे, गप्प बस.

लव्हाळ्यात पुन्हा घुमलं. मग शांत झालं.

काकांनी हेडफोन लावून टिपलेलं ऐकलं. चेहरा आधी उजळला, मग आंबट झाला.

“अगं, तिला सांग, नेमकं मध्ये बोलून वाट लावली.”

मावशीने ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ठकी ऐकत होती. ती बाकावर जाऊन बसली आणि डबा उघडून सँडविच मोजू लागल्यासारखी नुसती बघत राहिली.

काकांचं एवढ्याने भागणार नव्हतं. आता त्यांना पक्षी डोळ्यांनी बघायचा होता, फोटो हवा होता. त्यांनी पिशवीतून छोटा स्पीकर काढला. पक्षी बघणाऱ्यांची ही जुनी युक्ती. त्याचाच आवाज त्याला ऐकवायचा, म्हणजे तो बाहेर येतो.

बाकाशेजारी पाटी होती. घरट्यांचा हंगाम आहे, आवाज वाजवू नयेत.

“आई, त्यांना सांग, इथे मनाई आहे,” ठकी म्हणाली. “पक्ष्याला वाटतं, आपलंच कुणी बोलावतंय. घरटं सोडून येतो बिचारा.”

“एकदाच,” काका पुटपुटले.

स्पीकर लव्हाळ्याकडे तोंड करून ठेवला. बटण दाबलं.

घुम्... म्... बाबा, थांबा ना!... घुम्... म्...

ज्या हाकेला नवऱ्याने ओ दिली नव्हती, तीच आता पक्ष्याला भुलवायला वापरत होता.

लव्हाळ्यातून काही आलं नाही.

काकांनी पुन्हा लावलं. बाबा, थांबा ना!

मावशीच्या लक्षात आलं, बदकं गेली होती.

उडताना कुणी पाहिलं नव्हतं. पाणी नुसतं सपाट पडलं होतं. वर बघितलं... पाकोळ्या नाहीत. मघाचा कालवा कधी थांबला ते कळलंच नव्हतं.

“अहो, बंद करा ते.”

“शेवटचं.”

बाबा, थांबा ना!

आणि मग...

लव्हाळ्यातून कुणीतरी म्हणालं, “थांबलोय.”

पुरुषाचा आवाज. जाड, ओलसर, अजिबात घाई नसलेला. उन्हातून दमून येणाऱ्या पोरीला बापाने म्हणावं तसा.

“थांबलोय... ये सावकाश.”

मावशीने काकांकडे बघितलं. काका हेडफोन लावून, माइक रोखून हसत होते.

“आलं! उत्तर आलं! काय घुमलाय बघ!”

“अहो, माणूस बोलला आत!”

“माणूस कुठला? आत कमरेएवढा चिखल आहे.”

तेवढ्यात लव्हाळ्यांचे शेंडे हलले. वारा नव्हता. एक सरळ रेघ आतून काठाच्या दिशेने हलत आली. पक्ष्याच्या वजनाने एवढी लव्हाळी वाकत नाहीत.

रेघ काठाजवळ येऊन थांबली. बाकाच्या बरोबर समोर.

मावशीने ठकीकडे बघितलं. ती घाबरली असेल असं वाटलं होतं.

ठकी उभी राहिली होती. शाळेच्या फाटकाशी बाप दिसल्यावर लहानपणी फुलायचा, तसा तिचा चेहरा फुलला होता.

“आई,” ती म्हणाली, “ते खरंच थांबलेत गं.”

मावशीने तिचं मनगट धरलं आणि ओढत वर नेलं. डबा, टोपी, सगळं तिथेच राहिलं. वर जाणारी वाट आधी बराच वेळ लव्हाळ्यांना लागूनच होती. त्यांच्या पावलांबरोबर आतली लव्हाळीही वाकत होती. मावशी थबकली की शेंडे थबकायचे. ठकीने मनगट सोडवायचा प्रयत्न केला नाही. ती फक्त तिकडे बघत, हळू आवाजात काहीतरी सांगत चालली होती. कळी, काचघर, किती दिवस पाणी कमी दिलं, असलं काहीतरी.

काका मागून आले. खुशीत.

कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा घेताना मावशीने धीर करून विचारलं.

“ठके, बोलणार होतीस ना बाबांशी? हे बघ, बसलेत समोर.”

“बोलले ना.”

“कधी?”

“आत्ताच की. येताना. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.”

काकांनी कपातून मान वर केली. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी लेकीकडे सरळ बघितलं. ठकीने त्यांच्याकडे बघितलं नाही. टाळलं असंही नाही. तिथे कुणी बसलंय हे जणू तिच्या गावीच नव्हतं.

संध्याकाळी बसस्टॉपच्या बाकावर ठकीने आपली पिशवी शेजारून उचलून मांडीवर घेतली. जागा केल्यासारखी. एक म्हातारी तिथे टेकायला आली.

“नाही हं आजी,” ठकी म्हणाली, “इथे बसलेत.”

म्हातारीने रिकाम्या जागेकडे बघितलं... आणि लांब जाऊन उभी राहिली.

मावशीने तिला घरी चल म्हणून खूप विनवलं. बस सुटेपर्यंत. ठकी हसत म्हणाली, “मी कशाला येऊ? सगळं तर इथेच आहे.”

घरी आल्यावर काकांनी रेकॉर्डिंग नीट ऐकायला घेतलं. पहिलं, ठकीने हाक मारली तेव्हाचं.

घुम्... म्... आणि मग... घुम्... म्...

मधली हाक नव्हती.

कापलेली नव्हती, पुसट झालेली नव्हती. नव्हतीच. तेवढ्या वेळात नुसतं स्वच्छ ऊन ऐकू यावं अशी शांतता.

“मशीनने आपोआप साफ केलं असेल,” काका म्हणाले. पण रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीला नेलं.

पुढच्या आठवड्यात ठकीचा फोन आला.

“आई, फूल आलं! बाबांना इतकं आवडलं, विचारू नकोस. कितीतरी वेळ उभे होते काचघरात.”

काका मावशीच्या समोर बसले होते. मावशीने फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्यापुढे धरला. डोळ्यांनीच म्हणाली, बोला.

काकांनी दोनदा घसा साफ केला. मग इतक्या काळात न घेतलेलं नाव घेतलं.

“ठके... मी बोलतोय. बाबा.”

काकांनी फोन आणखी जवळ ओढला.

“चुकलं माझं, बाळा. तू हाक मारलीस तेव्हा...”

“आई,” ठकी घाबरल्या आवाजात म्हणाली, “तुझ्याजवळ कोण आहे?”

काकांनी फोन खाली ठेवला.

ते दुसऱ्याच दिवशी तिकडे गेले. ठकीने दार उघडलं, “कोण पाहिजे आपल्याला?” असं नीट, अदबीने विचारलं, आणि आत वळून कुणाला तरी सांगितलं, “कुणी नाही हो, पत्ता चुकलेत.”

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. ठकीची तब्येत ठणठणीत. बोलणं, काम, हिशेब, सगळं बरोबर. फक्त वडील कसे दिसतात विचारलं की ती दुसऱ्याच माणसाचं वर्णन करते. उंच. सावकाश चालणारा. नेहमी थोडा भिजलेला.

असो. सहल संपली, आता कुणाच्या पदरात काय पडलं ते बघू.

काकांना पक्षी मिळाला. सभेची सुरुवात घुम्याने झाली, टाळ्या थांबेनात, खुद्द मास्तरांनी हात मिळवला. आता काका तेच रेकॉर्डिंग दिवसभर लावून बसतात. पक्ष्यासाठी नाही. दोन घुमण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेसाठी.

ठकीला बाप मिळाला. ऐकून घेणारा.

लव्हाळ्यातल्याला काय मिळालं, ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

आणि या सगळ्याची किंमत मोजते आहे ती मावशी. लेकीला भेटायला तिला जावंच लागतं. एकटीला. ठकी टेबलावर पाण्याचे तीन पेले मांडते. मावशी खिडकीकडे तोंड करून बसते, लेकीच्या हसण्यात हसते, आणि बाजूची खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी मान वळवत नाही.

निघताना तिसरा पेला रिकामा असतो. तो तीच विसळून ठेवते.