कोऱ्या कुपीतलं ४६२

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत हे घडलंय.

आणि रात्रबित्र नव्हती. बुधवार होता, सकाळचे नऊ. हॉस्पिटलची लॅब, डोक्यावर चारही ट्यूबलाइट चालू.

तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. रुग्णाच्या रक्तात कोणतं औषध किंवा विष आहे, ते ओळखायचं तिचं काम. तिचं मशीन रेणू फोडतं आणि तुकड्यांची वजनं करतं. प्रत्येक पदार्थाचे तुकडे ठरलेले असतात, त्यामुळे मशीनपुढे कुणाला नाव लपवता येत नाही.

मावशीला जाऊन तीन आठवडे झाले होते. कॅन्सर होता. पहाटे चारच्या सुमारास झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, सुटली.

ताई रडली नाही. रजा संपल्यावर मुकाट्याने कामावर आली. आतून ती ठार बधीर झाली होती.

कारण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. त्या रात्री नऊला तिने नवी स्ट्रिप फोडून आईला मॉर्फिनची गोळी दिली आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला. सकाळी पाहते तर स्ट्रिपमधली दोन घरं रिकामी. तिला एकच गोळी दिल्याचं आठवत होतं. झोपेच्या भरात दुसरीही आपणच दिली का? तेव्हा मावशीची पार काडी झाली होती, दुसरी गोळी तिला झेपलीच नसती. रक्त तपासलं असतं तर तासाभरात कळलं असतं. ताईने तपासलं नाही. स्ट्रिप कचऱ्यात टाकली आणि गप्प बसली.

तर तो बुधवार.

रोजचा पहिला नमुना कोरा असतो. कुपीत नुसता द्रावक. पडद्यावर सपाट रेष आली की मशीन स्वच्छ आहे असं समजायचं.

रेष आली...

आणि मध्येच तिला एक बारीकसा उंचवटा होता.

वजन २८६. मशीनने नाव दिलं, मॉर्फिन.

ताईला काहीच वाटलं नाही. कालच्या कुठल्यातरी नमुन्याचा अंश राहिला असेल. तिने मशीनची सुई धुतली, द्रावकाची नवी बाटली उघडली, नवी कुपी घेतली. नऊ वीसला पुन्हा लावलं.

उंचवटा वाढला होता. शेजारी दुसरा उगवला होता...

४६२.

४६२ म्हणजे तीच गोळी, पण यकृतातून गेल्यानंतरची. ते बनायला शरीर लागतं. जिवंत.

तिने रुग्णांचे नमुने दुसऱ्या मशीनवर पाठवले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मशीनं बरी करतो म्हणून ती त्याला वैद्यबुवा म्हणते.

"काय मॅडम, पेशंट काय म्हणतोय?" तो हसत आत आला.

तिने पडदा दाखवला. त्याने डोकं खाजवलं. "मागचं उष्टं राहिलं असतं तर दर खेपेला कमी व्हायला हवं. हे तर वाढतंय. कुपी कोरीच आहे ना नक्की?"

"तुम्हीच भरा."

त्याने स्वतः भरली. दहा वाजता लावली.

२८६ एकदम दुप्पट उडालं... वरून कुणीतरी आणखी टाकल्यासारखं.

वैद्यबुवा नंतर हसला नाही. ताई घड्याळाकडे बघत होती. त्या रात्री आईला गोळी दिली तीही नऊला. आणि आत्ताचा हा चढ मागे मोजत नेला, तर दुसरी गोळी पोटात गेली नऊ चाळीसच्या आसपास.

म्हणजे गोळ्या खरंच दोन होत्या.

"बंद करू का?" त्याने विचारलं.

"नको. चार वाजेपर्यंत चालू दे."

"चारच का?"

तिने पुढची कुपी भरली. त्या रात्री झोपली होती, आता खुर्चीत ताठ बसून राहिली. दर अर्ध्या तासाला एक कोरी कुपी. दुपारभर २८६ उतरत गेलं, ४६२ चढत गेलं. ती जेवली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही.

साडेतीनला दोन्ही होते.

चारला लावलेल्या कुपीची रेष यायला लागली...

सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ताईने मशीन बंद केलं आणि घरी गेली. धाकटा भाऊ स्वयंपाकघरात कप विसळत होता. तिने चप्पलसुद्धा काढली नाही.

"आईला त्या रात्री दोन गोळ्या गेल्या," ती म्हणाली. "एक मी नऊला दिली. आणि चाळीस मिनिटांनी..."

पुढे "मीच" म्हणायचं होतं. पण कप त्याच्या हातातून निसटला.

"तुला कुणी सांगितलं?"

ताई दारातून पुढे आली.

"ती कण्हत होती गं. तू खुर्चीत गाढ झोपलेली. मला वाटलं आज द्यायचीच राहिली, म्हणून मी दिली. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांना सांगत होतीस, नऊला मी गोळी दिली म्हणून... मग माझं तोंडच उघडलं नाही, ताई."

तीन आठवडे एकाच घरात दोघं वेगवेगळे कुढत होते. तिने त्याला लॅबमधलं सगळं सांगितलं. कुप्या, आकडे, चारची सपाट रेष. तो खाली फरशीवर बसला.

तिथूनच म्हणाला, "शेवटी दुखत नव्हतं ना तिला?"

"ते मशीनला कळत नाही रे," ताई म्हणाली.

त्या दिवसाच्या फायली अजून आहेत. वैद्यबुवाने आपल्याकडेही ठेवल्यात, मी स्वतः बघितल्यात. त्याने मशीन पूर्ण खोलून पाहिलं, काही सापडलं नाही. गुरुवारची रेष सपाट होती, त्यानंतरच्याही सगळ्या सपाट.

मावशी ताईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आली होती की धाकट्याचं नाव सांगायला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ताईला विचारायचा धीर होत नाही.

धाकटा मात्र अधूनमधून तिला लॅबमध्ये फोन करतो. आज कोऱ्या कुपीत काय आलं, एवढंच विचारतो.

"काही नाही," ती सांगते. आणि तो फोन ठेवत नाही.