भिंतीवर टांगलेली खिडकी

खोटं वाटलं तर वाटू दे. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, तिच्या नातीनेच मला सांगितलंय.

साल १८८७. अमेरिकेतल्या मोंटानाचा माळ. ऑक्टोबरची भर दुपार.

गुनहिल्ड आणि तिचा नवरा हाल्वोर तिथे पाच वर्षं राबले होते. आता सरकारी नियमाने ती जमीन त्यांच्या नावावर व्हायची होती. तपासणीत एकच विचारत... घराला खिडकी आहे का?

यांचं घर मातीच्या ढेपांचं. दक्षिणेला दार. बस्स.

पण अख्ख्या खोऱ्यात मिळून एक खिडकी होती! ज्याची तपासणी, त्याच्या भिंतीवर ती खिळ्याला टांगायची. साक्षीदार बायबलवर हात ठेवून सांगायचे, "होय, भिंतीला खिडकी आहे." त्यात खोटं काय?

शेजारच्या म्हाताऱ्या डॅबनीने ती पडद्यासकट आणून उत्तरेच्या भिंतीवर टांगली.

"पडदा ओढून ठेव, पोरी. बघत बसू नकोस."

"मागे भिंतच तर आहे, काका. बघायचंय काय?"

डॅबनीने पडदा स्वतःच ओढला. मग हाल्वोरला घेऊन तपासणीच्या साहेबाला आणायला गेला.

गुनहिल्डने काच पुसायला पडदा सारला...

काचेपलीकडे बर्फ पडत होता.

ती धावत बाहेर गेली. लख्ख ऊन!

परत आली. बर्फात कुणीतरी चाचपडत होतं... हाल्वोर! कोपराला निळं ठिगळ. तिने तसं ठिगळ कधीच लावलं नव्हतं. तो ओरडत होता. आवाज मात्र नव्हता.

तिने खिडकी खिळ्यावरून ओढून काढली. मागे कोरडी भिंत.

पुन्हा टांगली... तो खाली बसला होता. तोंड घराकडे.

तासाभरात खराखुरा हाल्वोर हसत आला. साहेबाने दारातूनच मान डोलावली. जमीन मिळाली.

खिडकी नेताना डॅबनीने हळूच विचारलं, "दिसलं ना? मला बायको दिसली होती. मग ती गेली."

"मग आणलीत कशाला?"

"दुसरी आहे कुठे आपल्याकडे?"

गुनहिल्ड नवऱ्याच्या मागेच लागली. "या भिंतीला खरी खिडकी पाड!"

"वेडी की काय? थंडीच्या तोंडावर? भिंत बसेल ना! वसंतात पाडू, राणीसाहेब."

डिसेंबरात त्याचा कोट फाटला. तिने घरात होता नव्हता तेवढा निळा कपडा चुलीत घातला. त्याने शेजाऱ्याकडून चिंधी आणली आणि स्वतःच ठिगळ लावलं.

निळं...

जानेवारीत एका दुपारी तो गाय बघायला गोठ्यात गेला आणि वादळ आलं. हात दिसेना. गुनहिल्डने दारात दिवा धरला, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या.

मग एकदम तिच्या लक्षात आलं. खिडकी टांगली होती त्या भिंतीपलीकडे, उत्तरेला असणार तो. तिकडून दार दिसत नाही. दिवाही नाही.

तिने फावडं उचललं. भिंत दोन हात जाड, गोठून दगड झालेली. ती खणत राहिली. रडत, शिव्या देत, रक्ताळल्या हातांनी. मधेच पलीकडून हाक आल्यासारखी वाटली...

भोक पडलं तेव्हा उजाडलं होतं. वारा थांबला होता.

तिने डोळा लावला.

वीस पावलांवर तो बसला होता. तोंड घराकडे.

ती खिडकी आज नातीच्या माळ्यावर आहे. काच भिंतीकडे करून ठेवलेली.

"बघायचीय?" तिने मला विचारलं.

माझा नवरा खाली गाडीत वाट बघत होता. मी नाही म्हटलं. पण त्या दिवसापासून तो दाराबाहेर पडायला निघाला की मी आधी त्याच्या बाह्या बघते.