दहा नंबरचा पाना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन बोरस्ते द्वारका चौकातल्या तपासाच्या ऑफिसात थडकले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, आमचा एक पाना चोरीला गेलाय."

शेखरच्या हातातला वडा हातातच राहिला. "पाना? अहो, नवा घ्या की!"

"भाऊजी, आधी वडा संपवा," सरिता गायधनी म्हणाली. खासगी तपासाचं काम तिचं. दीर शेखर सोबतीला असायचा, पण त्याची अक्कल नेहमी मागच्या बसने यायची.

बोरस्त्यांची हेलिकॉप्टर शिकवणारी शाळा शहराबाहेरच्या माळावर होती. "काल हँगरमध्ये हत्यारांची पूजा झाली," ते सांगू लागले. "विद्यार्थ्यांच्या घरचेही आले होते. आज पाहतो तर फळीवरचा दहा नंबरचा पाना गायब. आमचा नियम आहे, पाना कमी भरला की तो मशीनमध्येच राहिला असं धरायचं आणि सगळं उघडून बघायचं."

"मग बघितलंत?"

"गरजच काय? दसऱ्याला हत्यार वापरतं कोण? काल एक नट फिरवला नाही आम्ही. म्हणजे ही चोरीच. नवा पाना मागवलाय, दुपारी निकिता नावाच्या विद्यार्थिनीला पहिल्यांदा एकटीला उडवणार. पण हँगरची किल्ली मेकॅनिक योगेशकडे असते. पाना मिळाला नाही तर त्याला घरी बसवावं लागेल."

तासाभरात सरिता आणि शेखर माळावर पोचले. हँगरच्या भिंतीवर फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार लाल रंगात काढलेला आणि त्या त्या आकारावर ते ते हत्यार टांगलेलं. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. एकच लाल आकार उघडा पडला होता.

योगेश आहेरचा चेहरा उतरला होता. "ताई, चोरायचंच असतं तर शेजारचा भारीतला टॉर्क रेंच सोडून हा फुटकळ पाना घेतला असता का मी?"

"काल कुलूप लावताना फळी बघितली होतीस?"

"पूजेला लावलेल्या हत्यारांना काय हात लावायचा? गर्दी पांगली, मी कुलूप लावून निघालो."

मग सरिताने समर्थ या दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारलं. निकिताचा नंबर आपल्याआधी लागल्याचा राग त्याने लपवला नाही. "पण मॅडम, मशीन एकच आहे. ते थांबलं तर माझंही शिकणं थांबतं."

बाकावर निकिता पिंगळे आणि तिची आई मोहिनी बसल्या होत्या. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. कालच्या सगळ्या माळा त्यांच्याच. निकिता हसून म्हणाली, "आईने काल पूजेनंतर सरांना प्रश्न विचारून विचारून पिडलं. नियमसुद्धा पाठ झाले असतील तिला!"

"पोरीच्या जिवाची काळजी, दुसरं काय," मोहिनी म्हणाली. पिशवी तिने पोटाशी घट्ट धरली होती. "देवीच्या गडावरनं अंगाऱ्याच्या दोन पुरचुंड्या आणल्या. एक हिच्या खिशात घातली. बाई, ते मशीन उघडून बघितलं का वो?"

"वहिनी, योगेशच," शेखर बाहेर येऊन कुजबुजला. "किल्ली त्याचीच."

"भाऊजी, धन्य आहे तुमची!"

सरिताने सगळ्यांना हेलिकॉप्टरपाशी बोलावलं.

"चोराला पाना विकायचा नव्हता, नाहीतर भारी हत्यार गेलं असतं. त्याला हे मशीन उघडायला लावायचं होतं. नियम सांगतो, पाना हरवला की मशीन उघडा. पण काल दसऱ्याचं इथे एकही हत्यार वापरलं नाही, हे ज्याला माहीत आहे त्याने हा मार्ग धरलाच नसता. म्हणजे चोर इथला नव्हे, पाहुणा. नियम कालच ऐकलेला. आज बाकी सगळे पान्याचं नाहीतर स्वतःचं बोलले. एकानेच विचारलं, मशीन उघडलं का." ती वळली. "मोहिनीताई, दुसरी पुरचुंडी कुठे आहे?"

मोहिनीचा बांध फुटला. पिशवीतून तिने पाना काढला. त्यावरचं कुंकू तसंच होतं.

"पोरगी एकटी वर जाणार. म्हणलं, देवी संगं असू दे. मागच्या फटीतनं पुरचुंडी आत सरकवली. मग सायेब बोलले, आत चिंधी जरी राहिली तरी मशीन खाली येतं! पायाखालची जमीनच सरकली माझ्या. हात घातला, पुरला नाय. सांगितलं तर पोरीला काढून टाकतील... आता उघडलं नसतं तर मी आडवी पडणार होते मशीनपुढं."

योगेशने झाकण उघडलं आणि बराच वेळ आत चाचपडलं. इंजिनाचा जोर पंख्यांना देणाऱ्या पट्ट्याला चिकटून लाल पुरचुंडी अडकली होती.  निकिता आईला बिलगून रडत होती.

बोरस्त्यांनी टोपी काढली. "बाई, पुरचुंडी घातलीत ही तुमची चूक. पण नियम माझा, आणि तो पाळायला लावलात तुम्ही. मी तर नवा पाना आणून पोरीला वर पाठवत होतो." त्यांनी हात जोडले. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत. योगेश, तुझीही माफी मागतो रे."

"वहिनी," शेखर पुटपुटला, "दसऱ्याचं माझ्या लक्षातच आलं नाही."

"येईल हो, दिवाळीपर्यंत."

मशीन तपासून झालं आणि दुसऱ्या दिवशी निकिता एकटी वर गेली. सगळे माना वर करून बघत होते. मोहिनी मात्र हँगरमध्ये शिरली. ओल्या डोळ्यांनी तिने योगेशच्या कपाळाला अंगारा लावला आणि उरलेला त्याच्या दोन्ही हातांना.

"तुमच्या नोकरीवर आणलं व्हतं मी. माफ करा, दादा," ती म्हणाली. "देवी वरचं बघंल. खालचं तुम्ही बघता."

 योगेशने पाना फळीवरच्या लाल आकारावर लावला आणि तिला बाहेर आणलं, लेक उतरताना दिसावी म्हणून.