पारखीचं 'नको'

पारखीने 'नको' म्हटलं की साताऱ्यात कुणी हुज्जत घालत नसे. लग्नात मानपानावरून रुसून बसणारी माणसंसुद्धा त्या यंत्रापुढे निमूट मान डोलवत.

प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण काचेच्या बशीत वाढत असताना त्याची सतत चित्रफीत निघे. ती पाहून पारखी सांगे, हा गर्भाशयात रुजेल की नाही, मूल धडधाकट जन्मेल की नाही. 'घ्या' किंवा 'नको', एवढंच. कारण विचारायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर कुणाला हौसही नव्हती. 'घ्या' म्हटलेल्यांतली बहुतेक मुलं ठणठणीत जन्मत होती. मग आणखी काय हवं?

जगतापांच्या घरात थोरली सून मृदुला तीन 'नको' घेऊन परतली होती. तो विषय नंतर कुणी काढला नाही. आता धाकट्या हेमांगीच्या शेवटच्या भ्रूणालाही 'नको' मिळालं होतं. उपचार पुन्हा सोसायचं बळ तिच्या अंगात उरलं नव्हतं. नवऱ्याबरोबर, अजिंक्यबरोबर, ती डॉ. निलोफर मुजावरांचा निरोप घ्यायलाच आली होती.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाल्या. "पारखी 'घ्या' म्हणतं तो भ्रूण आम्ही गर्भाशयात ठेवतो. मूल जन्मलं की खरं-खोटं कळतं. 'नको' म्हणतं त्याचं काय होतं?"

"टाकून देता," अजिंक्य म्हणाला.

"मग तो खरंच वाईट होता, हे कुणाला कळलं?"

अजिंक्यचा फळांचा ठोक व्यापार होता. "म्हणजे न कापताच फेकलेले आंबे. नासके होते असं आपण म्हणायचं."

"तेच. पारखीची ती चूक कधी पकडलीच जात नाही. म्हणून आता नियम आलाय. ज्यांची तयारी असेल त्यांनी नाकारलेला भ्रूण वाढवून बघायचा. त्याला साक्ष-गर्भ म्हणतात. यंत्र चुकलं की नाही, याची साक्ष तो देतो. मी आग्रह करणार नाही. यंत्र बरोबरही असू शकतं."

"आणि असलं तर?" हेमांगीने विचारलं.

"तर गर्भपात होईल. किंवा मूल आजारी जन्मेल. मी तुमच्यापासून काही लपवणार नाही."

हेमांगी हो म्हणाली. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. पुढचे महिने तिने जीव मुठीत धरून काढले. पोटात हालचाल झाली तरी धसका, नाही झाली तरी धसका. सोनोग्राफीला ती पडद्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघे. या सगळ्यात तिचं हवं-नको मृदुलाच बघत होती. डोहाळे पुरवताना ती कधी एका शब्दाने स्वतःचं बोलली नाही.

मुलगी झाली. सगळ्या तपासण्यांत धडधाकट निघाली. रडायची ती अशी, की शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.

बारशाला डॉक्टर आल्या. खुशीत होत्या. हेमांगीसारख्या कितीतरी जणींच्या बाळांवरून शिकून पारखी सुधारलं होतं, असं त्या अजिंक्यला सांगत होत्या. तेवढ्यात बायका पाळण्याभोवती जमल्या. बाळ पाळण्याखालून द्यायचं, वरून परत घ्यायचं. एका बाजूला आत्या होती, दुसऱ्या बाजूला मृदुला.

आत्याने बाळ खालून दिलं. मृदुलाने ते घेतलं आणि छातीशी धरलं. आत्याचे हात पाळण्यावरून पुढे आले ते तसेच राहिले.

"वहिनी, द्या ना इकडे."

मृदुला डॉक्टरांकडे बघत होती. "डॉक्टर, त्या चित्रफिती तुम्ही जपून ठेवता ना?"

"हो."

"मग आता शहाण्या झालेल्या पारखीला माझे तिघं परत दाखवा."

डॉक्टरांनी खाली बघितलं. जुन्या सगळ्या चित्रफिती पुन्हा तपासायच्या, असा नियमच होता. ते काम होऊन गेलं होतं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"दाखवले ना?" मृदुला म्हणाली. "किती जणांना 'घ्या' मिळालं?"

डॉक्टर आजवर कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. आज बोलावं असं त्यांना फार वाटलं.

"दोघं," त्या म्हणाल्या.

मृदुलाने बाळाला आणखी घट्ट धरलं. ते रडायला लागलं. हेमांगी पाटावरून उठली, दोन पावलं पुढे आली आणि थांबली. लेक तिची होती, पण मागायची कोणत्या तोंडाने? आत्याने हात मागे घेतले. मधे रिकामा पाळणा हलत होता.