फॉइलची होडी

सुहाचा घसा पार बसला होता. शाळेत रोज ओरडून दुसरं काय होणार? आणि त्या घशाचं बक्षीस काय, तर एका मुलीला खरे मार्क दिले म्हणून तिच्या पालकांची माफी मागायला लावली! इथे आखातात आठवडा रविवारीच सुरू होतो; उद्या शाळा उघडली की राजीनामा. खलास.

तरी सुट्टीच्या शनिवारी ती उम्म अल हस्सम वस्तीतल्या हॉलवर आलीच. विज्ञानाचा हा मोफत वर्ग तिनंच सुरू केलेला. पुतणीला सोडून दर शनिवारी खिडकीशी रेंगाळणारा तो तरुण आज दारातल्या चपलांत अडखळला आणि थेट तिच्यासमोर येऊन थांबला.

"सॉरी, मिस! मी बासित."

तिनं मार्कर त्याच्या हातात कोंबला. "आवाज नाहीये," ती कुजबुजली. "मी कानात सांगते, तुम्ही मोठ्यानं बोला. जहाज बुडत का नाही..."

"कानात?" त्याचा कान लाल झाला. "मग तर बोलतोच!"

दोन वाक्यांनंतर त्याला तिची गरजच उरली नाही. त्यानं डब्यातल्या पराठ्याचं फॉइल काढलं. "अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यात मी हाच धातू वितळवतो." अर्ध्या फॉइलची ठोकून ठोकून गोळी केली — बुडाली. उरलेल्याची होडी केली — तरंगली. "पण का?" पोरं ओरडली, आणि बासितचा चेहरा असा उजळला की सुहा बघतच राहिली.

वर्ग सुटला.

"शिकवत होतात?" सुहानं कुजबुजत विचारलं.

"खेडला. तासिका तत्त्वावर नेमणूक. दर जूनला पुन्हा भिकाऱ्यासारखं दारात उभं राहायचं. सोडलं."

"आठवण येते?"

"छे!" म्हणाला, पण ती चिमुकली होडी तो रुमालानं हळुवार पुसत होता.

"मीही उद्या सोडतेय."

"सोडा. रात्री झोप छान लागते." तो थांबला. "फक्त... सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभं राहावं लागतं. मी दर शनिवारी राहतो."

"मला वाटलं, मला बघायला..."

"ते पण!"

ती हसली. घसा दुखला, तरी हसली. मग त्याच्या हातातली होडी तिनं अलगद काढून घेतली.

"राजीनामा नाही देणार. भांडणार. मार्क खरे होते."

"या आवाजात?"

"तुमचा आहे ना..." ती त्याच्या कानाशी झुकली, "जन्मभरासाठी?"

"काय? ऐकू नाही आलं, मिस. परत सांगा."

"आलंय तुम्हाला," ती म्हणाली, आणि तरीही परत सांगितलं.