जुना पत्ता विसरेपर्यंत

रविवारी दुपारी सुप्रीता नवऱ्याची साइट बंद करायला बसली. बंगळुरात बेळ्ळंदूरच्या कंपनीत तिचं कामच हे: कुणी साइटचं नाव टाकलं, की त्याला कुठल्या मशीनकडे धाडायचं ते बघायचं. अभिजीतने आपली गाणी दोन मशीनांवर ठेवली होती. एक घरात, दुसरं मुंबईत. क्लाउडवरची सेवा घरच्या मशीनचं दार सारखं ठोठावायची. आतून ओ मिळाली तर साइट उघडणारी माणसं घरच्या मशीनकडे, नाही तर मुंबईच्या.

अभिजीत जाऊन वर्ष होत आलं होतं. घरचं मशीन सुप्रीताने स्वतःच्या हाताने भंगारात दिलं. मग रात्रभर रडली, ते वेगळं.

बंद करण्याआधी तिने साइट एकदा उघडली. मुंबईच्या मशीनवरचीच जुनी गाणी. डोळे पुसून ती दोन्ही मशीनांची खबर दाखवणाऱ्या सेवेच्या पानावर आली. घरच्या मशीनपुढचा लाल ठिपका हिरवा झाला होता.

कुणीतरी ओ देत होतं.

तिने साइट पुन्हा उघडली. पुन्हा मुंबईच. मघा साइट उघडायची घाई नडली होती; एकदा मिळालेला पत्ता काही वेळ लक्षात राहतो. लॅपटॉपची आठवण तिने पुसली, पण नेट कंपनीनेही मघाचाच पत्ता धरून ठेवला होता आणि तिथे तिचा हात पोचत नव्हता. ते विसरेपर्यंत कळ काढणं आलं.

निपाणीच्या सासूबाईंनी, महानंदाबाईंनी, मात्र साइट कधीच उघडली नव्हती; तिकडे जुना पत्ता नव्हताच. लेकाचा आवाज सोसणार नाही म्हणायच्या. सुप्रीताने फोन लावला.

"आई, टॅबवर अभिजीतची साइट उघडा ना."

"नको गं..."

"माझ्यासाठी."

टॅब शोधून चालू केल्याची खुडबुड ऐकू आली. मग महानंदाबाई दबकत म्हणाल्या, "अगं, गाणं न्हाई हे... बोलतोय की गं तो! गुडघा दुखतोय का इचारतोय..."

"आणि मला...?"

"सुप्री का येईना, म्हणतोय."

सुप्रीताने पुन्हा साइट उघडली; अजून मुंबईच. "येतेय म्हणावं. थोडंच राहिलंय. थांब म्हणावं त्याला..."

ती साइट उघडत राहिली, पुन्हा पुन्हा. शेवटी जुना पत्ता विसरला गेला. पान उघडलं.

मुंबई. आणि घरचा ठिपका लाल. या वेळी आतून ओ मिळाली नव्हती.

"आई... गेला का तो?"

"न्हाई की. हितंच हाय. कोण सारखं दार ठोठावतंय, म्हणून वैतागला हुता. मीच म्हणलं, नको ओ देऊस, बाळा. बस माझ्यापाशी, ताट वाढते."

आणि फोनमधून पाट ओढून घेतल्याचा आवाज आला.